अधिकार आणि विश्वास

‘विश्वास’ या शब्दाच्या पोटात ‘श्वास’ आहे. संस्कृतातील ‘श्वस्’ या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला असून, निर्भयपणे, मोकळेपणाने श्वास घेणे असा त्याचा मूळ भाव आहे. ज्याच्याजवळ बसले असता छातीवरचे दडपण उतरते, तो विश्वासाचा माणूस. ही व्युत्पत्ती मनात ठेवून एखाद्या सरकारी कचेरीत डोकवावे आणि साहेबांची मोटार फाटकातून आत शिरते त्या क्षणी काय घडते ते पाहावे. गप्पा थांबतात, खुर्च्या सरळ होतात, चहाचे पेले बाजूला सारले जातात, आणि घटकाभरापूर्वी मोकळेपणाने बोलणारा कारकून श्वास रोखून उभा राहतो. साहेब वाईट असतो असे नाही. पुष्कळदा तो सज्जनच असतो. तरीही श्वास रोखला जातो. असे का व्हावे, आणि असे होऊ नये यासाठी अधिकारावर बसलेल्या माणसाचे कर्तव्य काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गुजरात राज्याच्या महसूल खात्यात आम्ही पस्तीस वर्षे काढली. त्या काळात अनेक वरिष्ठांच्या हाताखाली काम केले आणि आमच्या हाताखालीही अनेकांनी काम केले. आज व्यवस्थापनशास्त्रावरील पुस्तकांत ‘नेतृत्व’ आणि ‘मानवी संबंध’ या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. त्यातील बरेचसे उपयुक्त आहे; परंतु कर्मचाऱ्यांचा विश्वास संपादन केला म्हणजे काम अधिक होते, एवढाच त्या बहुतेक लेखनाचा निष्कर्ष असतो. आमच्या मते प्रश्न त्याहून खोल आहे आणि तो मुळात नैतिक आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याची भाकरी आहे, त्याने दुसऱ्याकडून विश्वासाची अपेक्षा करणे न्याय्य आहे काय? आणि असेल तर कोणत्या अटीवर?

दोन मित्रांमधील विश्वास ही समानांची देवघेव असते. एकाने दगा दिला तर दुसरा त्याला सोडून जाऊ शकतो. कचेरीत तसे नसते. वरिष्ठाच्या एका शेऱ्याने बदली होते, बढती अडते, रजा नाकारली जाते. क्वचित निवृत्तिवेतनही खोळंबते. उलट कनिष्ठाने विश्वासघात केला तर वरिष्ठाचे नुकसान होते खरे, परंतु त्याची भरपाई करण्याची साधने त्याच्यापाशी असतात. रूढ समज असा की कनिष्ठाने आधी स्वतःला सिद्ध करावे, मग वरिष्ठाने त्याच्यावर विश्वास टाकावा. आम्हांस हा क्रम उलटा वाटतो. ज्याला गमावण्यासारखे कमी आहे त्याने पहिले पाऊल टाकावे, हाच न्याय होय. सावकाराने ऋणकोकडे उदारतेची याचना करू नये.

येथवर बहुधा कोणाचे दुमत होणार नाही. मतभेद सुरू होतो तो यापुढे. एक पक्ष म्हणतो, वरचा माणूस मनाने चांगला असला की पुरे; त्याचा चांगुलपणा आपोआप खालपर्यंत झिरपतो. दुसरा पक्ष म्हणतो, माणसांच्या चांगुलपणावर विसंबण्यात अर्थ नाही. नियम चोख करा, म्हणजे विश्वासाची गरजच उरणार नाही. या दोन्ही पक्षांची परीक्षा घेण्याजोगी उदाहरणे आपल्यापाशी आहेत.

पहिल्या पक्षासाठी आमच्या बडोद्याचेच उदाहरण घेऊ. श्रीमंत सयाजीराव महाराज (१८६३–१९३९) यांच्याविषयी बडोद्यातील मराठी घरांत आजही जो आदर आहे, तो निराधार नाही. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू करणारा हा राजा होता. माणसे पारखण्याची त्यांची दृष्टीही असामान्य होती. भीमराव आंबेडकर या तरुणाला त्यांनी मुंबईतील महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली तीन वर्षांसाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. करार असा की शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी. जातीपातीच्या त्या काळात एखाद्या सत्ताधीशाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणावर इतका विश्वास टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्यास आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे काय घडले ते चरित्रकारांनी नोंदविले आहे आणि त्यांनी स्वतःही आपल्या इंग्रजी आठवणींत सांगितले आहे. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे लांबून फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. शहरात हिंदूंच्या वस्तीत जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी धर्मशाळेत आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची त्यांनी ताकीद दिली. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. अखेर रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, काढले आणि बडोदे सोडले.

या प्रसंगाचे आपण सहसा दोन प्रकारे वाचन करतो. कोणी त्यात केवळ सनातनी समाजाचा दोष पाहतो, कोणी महाराजांच्या मर्यादा. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांचा विश्वास खरा होता, पण तो राजवाड्यातून निघून अकाउंटंट जनरलच्या कचेरीतील शिपायाच्या टेबलापर्यंत पोहोचला नाही. वाटेत किती टेबले असतील! त्या प्रत्येक टेबलावर एक अधिकारी बसलेला होता. कागद फेकणाऱ्या शिपायाला हाक मारून ‘हे चालणार नाही’ असे सांगणे त्यांच्यापैकी कोणालाही अशक्य नव्हते. पाण्याची व्यवस्था करणे तर एका चिठ्ठीचे काम होते. अर्ज निकालात काढायला राजाज्ञेची गरज नव्हती. एका सहीची होती. कोणीही वाईट हेतूने काही केले असे म्हणण्याचे कारण नाही. कोणी काही केलेच नाही, एवढेच. वरच्याचा चांगुलपणा आपोआप झिरपतो हा पहिला पक्ष या एका प्रसंगाने खोटा ठरतो. जो नेता विश्वास टाकतो, त्याने तो ज्या वाटेने जाणार ती वाटही तपासली पाहिजे. तेवढे न झाल्यास त्या विश्वासाची किंमत नेता मोजत नाही. ज्याच्यावर तो टाकला तो माणूस मोजतो.

आता दुसरा पक्ष, म्हणजे नियमांचा. सरकारी नोकरीत गोपनीय अहवाल नावाची एक संस्था आहे. आमच्याकडे गुजरातीत तिला ‘खानगी अहेवाल’ म्हणतात. वर्षाच्या शेवटी वरिष्ठ कनिष्ठाविषयी काय लिहितो, हे पूर्वी बव्हंशी कनिष्ठाला कळत नसे. अगदी प्रतिकूल शेरा असला तरच कळविण्याची प्रथा होती. वर्षभर ज्याच्यासमोर बसून चहा घेतला, त्याच माणसाने बंद लिफाफ्यात आपल्याविषयी काय लिहिले असेल, या शंकेत अनेकांच्या नोकऱ्या सरल्या. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की शेरा कोणताही असो, तो संबंधित कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. त्या खटल्यातील मुद्दा मोठा बोलका होता. अर्जदाराला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. परंतु बढतीसाठी ‘फार चांगला’ आवश्यक असल्याने तो चांगला शेराच त्याच्या आड आला, आणि प्रतिकूल नसल्यामुळे तो त्याला कळविण्यातही आला नव्हता.

निर्णय योग्यच होता. त्याने बंद लिफाफा उघडला. पण विश्वास निर्माण झाला काय? आम्ही जे पाहिले ते असे : शेरा कळवावा लागणार, त्यावर निवेदन येणार, मग खुलासा करावा लागणार, या धास्तीने कित्येक वरिष्ठांनी सरसकट सर्वांना ‘फार चांगला’ लिहिण्याचा मार्ग पत्करला. पूर्वी दोष पाठीमागे सांगितला जाई. आता तो सांगितलाच जाईना. कष्टाळू आणि कामचुकार यांच्या कागदांत भेद राहिला नाही आणि कष्टाळू माणसाला वाटू लागले की आपल्याकडे कोणी पाहतच नाही. नियमाने दार उघडले, परंतु समोरासमोर बसून ‘तुमचे हे काम उत्तम झाले, हे मात्र सुधारायला हवे’ असे म्हणण्याचे धैर्य नियम कोणाच्या अंगी आणू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच आणावे लागते. आपला दोष आपल्याला तोंडावर सांगणारा आणि गुण चारचौघांत सांगणारा वरिष्ठ लाभला, तर माणूस त्याच्या कठोरपणालाही भीत नाही. भीती वाटते ती न बोलणाऱ्याची.

मग चांगुलपणा आणि नियम यांची सांगड कशी घालावी? आमच्या अनुभवातील एक गोष्ट येथे सांगणे उपयोगी होईल. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. गुजरातेत १३ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इतर जिल्ह्यांतील जे महसूल कर्मचारी मदतीसाठी तिकडे पाठविण्यात आले, त्यांत आम्हीही होतो. ताडपत्र्या हव्या, ट्रक हवे, पाण्याचे टँकर हवे. आणि निविदा मागवून तुलनात्मक तक्ते करायला वेळ कोणाला होता? आमचे तेथील वरिष्ठ म्हणाले, ‘घ्या, मी आहे.’ असे ‘मी आहे’ नोकरीत पुष्कळदा ऐकू येते. या गृहस्थांनी मात्र त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात फाईल मागवली आणि स्वतःच्या हाताने लिहिले की अमुक अमुक खरेदी माझ्या तोंडी हुकमावरून झाली असून तिची जबाबदारी माझी आहे. खाली सही, तारीख आणि वेळ. पुढे लेखापरीक्षणात हरकत निघाली तेव्हा त्या एका पानाने आमच्यासकट चार कारकुनांचे रक्षण केले. परंतु त्याचा खरा परिणाम लेखापरीक्षणाच्या पुष्कळ आधी, दुसऱ्याच दिवशी दिसला. त्या पानाची वार्ता तंबूतंबूंतून पसरली होती आणि सही करायला बिचकणारी माणसे आपण होऊन कामे अंगावर घेऊ लागली.

याच्या उलटही आम्ही पाहिले आहे. एका कचेरीत एका वरिष्ठाने एक वादग्रस्त नोंद मंजूर करून टाकण्यास तोंडी सांगितले. चौकशी लागली तेव्हा ‘मला असे काही स्मरत नाही’ असे उत्तर त्यांनी दिले आणि अव्वल कारकुनाच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. पुढे कित्येक वर्षे त्या कचेरीत लेखी हुकमावाचून कागद हलत नसे. वरिष्ठ बदलले, तरी सवय बदलली नाही. शेतकरी फेऱ्या मारीत राहिले. एका माणसाने मोडलेल्या विश्वासाचा दंड असा तिऱ्हाइतांनी भरला.

पुढे ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम आदी निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर विसंबू नये. ते लेखी नोंदविले गेले पाहिजेत. काहींना वाटते की लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. घरात ते तसे असेलही. कचेरीत ते तसे नसते. वरिष्ठाची सही म्हणजे त्याच्या शब्दाचे तारण होय. ज्याला आपला शब्द पाळावयाचा आहे त्याला तो लिहून देण्यात कमीपणा कसला? नियम विश्वासाची जागा घेत नाही आणि विश्वास नियमाची घेत नाही. चांगला वरिष्ठ आपला चांगुलपणा नियमाच्या भाषेत लिहून ठेवतो, म्हणजे तो स्वतः बदलून गेल्यावरही त्याचा उपयोग होतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. हुकमाबरोबर कारण सांगणे, हे विश्वासाचे दुसरे अंग. छत्रपती शिवाजीमहाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. दाणागोटा बेताने वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, दिवे जळते ठेवू नका, अशा त्यातील आज्ञा. पण प्रत्येक आज्ञेमागचे कारण इतके बारकाईने सांगितले आहे की उंदराने जळती वात ओढून नेली तर गवताला आग कशी लागेल, हेसुद्धा सुटलेले नाही. नुसता हुकूम सोडण्याचा अधिकार ज्याला होता, त्याने कारणे सांगण्याचे कष्ट घेतले. कारण सांगणे म्हणजे समोरच्याला बुद्धी आहे हे मान्य करणे. जो ते मान्य करतो, त्याच्याशी माणसाचे नाते जुळते.

नाते म्हटले की एक धोकाही समोर येतो, आणि आम्हां महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तो विशेष समजून घ्यायला हवा. वरिष्ठाने माणसांत मिसळावे हे खरे. परंतु कोणत्या माणसांत? बडोद्याच्या कचेरीत मराठी अधिकाऱ्यापुढे मराठी कारकून आला की तोंडातून सहज मराठी शब्द निघतो. घरची विचारपूस होते, गणपतीच्या आरतीची वेळ ठरते. यात पाप काहीच नाही. परक्या मुलखात भाषा टिकली ती अशाच ओढीने. परंतु शेजारच्या टेबलावर बसलेला गुजराती, मुसलमान किंवा आदिवासी कर्मचारी त्या दोन मिनिटांत काय अनुभवतो? त्याला वाटते, आत एक वर्तुळ आहे आणि आपण बाहेर आहोत. दुसऱ्या दिवशी त्या मराठी कारकुनाला केवळ गुणावर चांगले काम मिळाले, तरी ते मर्जीमुळे मिळाले असेच सर्व समजणार. ‘मर्जीतला माणूस’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत दरबारी काळापासून आहे, आणि मर्जी हा विश्वासाचा शत्रू आहे. विश्वास उघड्यावर वाढतो, मर्जी आडोशाला. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कोठेही हीच गोष्ट. फक्त भाषांची नावे बदलतील. आमचे मत असे की कचेरीच्या वेळात कामाची भाषा सर्वांना कळणारी असावी आणि विचारपूसही सर्वांची सारखी व्हावी. मायबोलीला संध्याकाळ मोकळी आहे.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. विश्वास टाकला की माणसे त्याचा गैरफायदा घेतात. घेतात, हे खरे आहे. सर्वच घेत नाहीत, काही घेतात. पण म्हणून तपासणी सोडावी असे आम्ही कोठे म्हणतो? तपासणी आणि संशय यांत भेद आहे. तपासणी सर्वांची होते, ठरलेल्या वेळी होते, आणि तीत दोष निघाला तर खुलाशाची संधी मिळते. संशय निवडक असतो, अवेळी येतो आणि त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, म्हणून कोणी खजिनदार अपमान मानून घेत नाही. उलट रोकड कमी भरल्यास आळ एकट्यावर येणार नाही, हा त्याला दिलासाच असतो. जी तपासणी प्रामाणिक माणसाचे रक्षण करते, तिच्यामुळे श्वास कोंडत नाही.

कमाटी बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक मोठ्या संख्येने जमतात. तेथे उभे राहणारा माणूस स्वाभाविकपणे डॉ. आंबेडकरांचा विचार करतो. कोणी महाराजांचाही करील. आम्ही सुचवू इच्छितो की आपल्यासारख्यांनी तेथे त्या तिसऱ्यांचा विचार करावा, ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. ज्यांच्या टेबलांवरून बंगल्याचा तो अर्ज फिरत गेला. आपल्यापैकी फार थोडे राजे होतात आणि फार थोडे आंबेडकर. बहुसंख्य लोक बँकेत, शाळेत, कारखान्यात किंवा कचेरीत मधल्या टेबलावर बसून आयुष्य काढतात. वरून आलेला विश्वास पुढे पाठविणे किंवा अडवून धरणे, एवढीच सत्ता त्यांच्या हाती असते. आज आपली मुलेबाळे अशाच टेबलांवर बसली आहेत. समोर आलेला अर्ज कोणाचा आहे, तो माणूस रात्री कोठे निजणार आहे, एवढे त्यांनी सही करण्यापूर्वी स्वतःला विचारले, आणि त्याच दिवशी सही केली, तर नेतृत्वावरील पुस्तके न वाचताही त्यांचे काम पुष्कळसे साधेल.